पहिल्या भेटीत सल्ला का मिळत नाही?

समुपदेशनाच्या पहिल्या दोन-तीन भेटींविषयी विचारणारी पत्रे या खेपेस बरीच जमली, म्हणून या अंकातील सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत. उत्तरांत माझ्या कामातले जे प्रसंग आले आहेत, त्यांतली माणसे ओळखू येऊ नयेत म्हणून त्यांचे तपशील बदलले आहेत.

प्रश्न : मी ३४ वर्षांची असून बँकेत नोकरी करते. वर्षभर मनाची घालमेल सोसल्यावर धीर करून एका समुपदेशक बाईंकडे गेले. त्यांनी तासभर नुसते प्रश्न विचारले, दोन फॉर्म भरून घेतले, माझ्या माहेरच्या-सासरच्या माणसांचा एक तक्ता काढला आणि "पुढच्या मंगळवारी या," म्हणाल्या. सल्ला एकही दिला नाही. हजार रुपये देऊन बाहेर पडले तेव्हा डोके आणखीच जड झाले होते. पुन्हा जावे का? (नाशिक)

उत्तर : पुन्हा जावे, आणि जे मला लिहिले आहे तेच त्यांना तोंडावर सांगावे, असे माझे मत आहे. सर्दी-खोकल्यासाठी डॉक्टरांकडे गेल्यावर पाच मिनिटांत चिठ्ठी हातात पडते, आणि त्या सवयीने आपण समुपदेशकाच्या खोलीतही चिठ्ठीची वाट पाहत बसतो. सल्ला तर या वर्षभरात तुम्हाला शेजारपाजाऱ्यांकडून, नणंदेकडून आणि ऑफिसातल्या मैत्रिणींकडून भरपूर मिळाला असणार : "मन रमव", "सोडून दे", "जरा देवाधर्माचे कर". त्याने भागले असते तर तुम्ही त्या दारापर्यंत गेलाच नसता. तुमची गोष्ट पुरती ऐकण्याआधीच नवरा-सासू-नोकरी यांवर निकाल देऊन मोकळ्या होणाऱ्या समुपदेशकापासून मी तरी माझ्या माणसांना लांब ठेवीन.

मी स्वतः पहिल्या भेटीत काय करते ते सांगते, म्हणजे त्या प्रश्नांचा रोख लक्षात येईल. समोरची व्यक्ती टेकली, पाणी प्यायली की मी विचारते, "आत्ताच का आलात?" त्रास वर्षाचा असतो, पण भेटीसाठी फोन मात्र गेल्या गुरुवारी केलेला असतो, आणि त्या गुरुवारी काय घडले याच्या उत्तरात पुष्कळदा गुंत्याचे टोक सापडते. एक गृहस्थ झोप येत नाही म्हणून आले आणि अर्धा तास कामाच्या ताणाविषयीच बोलले. फोन केला त्या दिवशी काय झाले होते, असे विचारल्यावर थोडा वेळ गप्प राहून म्हणाले, "मुलीच्या शाळेचा फॉर्म भरत होतो. आईच्या नावाच्या रकान्यापाशी हात थांबला." पत्नीला जाऊन तेव्हा दोन वर्षे होत आली होती, आणि तोवर तिचा उल्लेख बोलण्यात एकदाही आला नव्हता.

त्यानंतर मी शरीराकडे वळते. "झोप लागत नाही" या तीन शब्दांत दोन निरनिराळे त्रास असतात : अंथरुणावर पडल्यावर दोन-दोन तास विचारांचे चक्र थांबत नाही, हा एक, आणि झोप लागते पण पहाटे तीन-चारला जाग येऊन पुढचा दिवस डोंगरासारखा वाटू लागतो, हा दुसरा. पहिला बहुधा काळजीशी आणि दुसरा बहुधा नैराश्याशी जोडलेला आढळतो. भूक, वजन, पाळी, तंबाखू, दारू, चालू असलेली औषधे हे सारे मी विचारते. थायरॉइडचे काम मंदावले, हिमोग्लोबिन उतरले किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर थकवा आणि उदासपणा येऊन तो थेट नैराश्यासारखा दिसू शकतो, म्हणून काही जणांना दुसऱ्या भेटीआधी रक्त तपासून यायला सांगते. मनाच्या डॉक्टरकडे येऊन हाताला सुई टोचून घ्यावी लागल्याचे त्यांना नवल वाटते. (मी औषधे लिहून देऊ शकत नाही, त्यामुळे मला "डॉक्टर" म्हणणाऱ्यांना मी पहिल्याच दिवशी दुरुस्त करते. "ताई" म्हणणाऱ्यांना मात्र कधी अडवलेले नाही.)

तुमच्याकडून भरून घेतलेल्या दोन फॉर्मपैकी एकात गेल्या दोन आठवड्यांविषयी नऊ प्रश्न असतील, तर तो पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याची लक्षणे मोजणारी प्रश्नावली असणार. क्रोएन्के, स्पिट्झर आणि विल्यम्स या तिघांनी त्याविषयीचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध केला. त्याचे गुण ० ते २७ असे धरतात, आणि १० किंवा त्याहून अधिक आले तर नैराश्याची नीट तपासणी करावी असे मानतात. तो आकडा म्हणजे निदान नव्हे. थर्मामीटरने ताप कळतो, मलेरिया कळत नाही. त्यातला नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरण बरे वाटण्याच्या विचारांविषयी असतो, आणि त्याला शून्य लिहिलेले असले तरी तोच प्रश्न मी तोंडी, सरळ शब्दांत पुन्हा विचारते. असे विचारल्याने नसता विचार डोक्यात शिरतो ही भीती खरी नाही. उलट, कोणीतरी न बिचकता विचारले म्हणून हायसे वाटून रडू फुटलेली माणसे मी पाहिली आहेत.

आता तो तक्ता. आम्ही पुरुषासाठी चौकोन आणि स्त्रीसाठी वर्तुळ काढतो, लग्नाची रेघ आडवी, मुलांच्या रेघा खाली, वारलेल्यांवर फुली. आपल्याकडच्या एकत्र कुटुंबात दोन चुलते, तीन आत्या आणि नणंदा-जावा मांडता मांडता कागद पुरत नाही. "घरी सगळे ठीक आहे" असे सांगणारी व्यक्ती हा तक्ता काढताना एखाद्या वर्तुळापाशी अडखळते, "ही धाकटी आत्या, तिचं आमच्याकडे कोणी नाव काढत नाही," असे म्हणते, आणि घरात कशाविषयी बोलायचे नाही हे लहानपणी कसे ठरत गेले ते हळूहळू उलगडू लागते. या तक्त्यावर घातलेली वीस मिनिटे मला कधीच वाया गेलेली वाटली नाहीत.

मराठीत आणखी एक सोय आहे, जिचा मी पहिल्या भेटीत पुरेपूर फायदा घेते. "मला डिप्रेशन आलंय" किंवा "अँक्झायटी आहे" असे कोणी म्हणाले, तर तो शब्द थोडा वेळ बाजूला ठेवून काल सकाळी उठल्यापासूनचा दिवस सांगायला सांगते. मग "जीव घाबरा होतो", "छातीत धस्स होतं", "कशात मनच लागत नाही", "डोकं गच्च होतं" असे शब्द येतात. इंग्रजी नावापेक्षा या शब्दांतून मला कितीतरी अधिक कळते, कारण जीव घाबरा होण्याची वेळ असते आणि जागाही असते. तो स्वयंपाकघरात होतो की लोकलच्या दारात, हे विचारता येते.

एवढे सगळे झाल्यावर शेवटच्या दहा मिनिटांत आम्ही काय साधायचे ते ठरवतो. एडवर्ड बॉर्डिन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९७९ मध्ये मांडले की, उपचारपद्धती कोणतीही असो, समुपदेशक आणि सल्लार्थी यांच्यात तीन गोष्टी जुळाव्या लागतात : कशासाठी काम करायचे, ते कसे करायचे, आणि एकमेकांवरचा विश्वास. पहिलीच गोष्ट जुळवणे किती कठीण असते ते सांगते. नव्याने येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचे उद्दिष्ट खोलीत हजर नसलेल्या माणसाला बदलण्याचे असते. नवऱ्याने पिणे सोडावे, सूनबाईंनी नीट बोलावे, साहेबांना अक्कल यावी. त्या माणसांवर माझा काही इलाज चालत नाही हे सांगितल्यावर चेहरे पडतात. मग "ते तसेच राहिले, तर तुमच्या दिवसात काय बदललेले तुम्हाला चालेल?" या प्रश्नापासून खरे काम सुरू होते, आणि त्याचे उत्तर यायलाच कधी कधी तीन भेटी लागतात.

तुमचे डोके जड झाले याचे मला आश्चर्य वाटत नाही. वर्षभर बंद असलेले कपाट उघडल्यावर सामान अंगावर येतेच. तो जडपणा दोन-तीन दिवसांत ओसरला नाही तर मंगळवारची वाट न पाहता फोन करा. तीन-चार भेटींनंतरही आपले ऐकले जात नाही, आपल्याला तोलले जात आहे असे वाटले, तर दुसरा समुपदेशक शोधण्यात गैर काही नाही. बाईंना वाईट वाटेल म्हणून जात राहू नका. नव्या व्यक्तीकडे जाताना शिक्षण कुठे झाले आणि कोणाच्या मार्गदर्शनाखाली काम केले, हे विचारावे. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक असायला हवा, आणि तो विचारल्याचा राग येत असेल तर तेवढे उत्तर पुरेसे आहे.

प्रश्न : माझा मुलगा १७ वर्षांचा असून बारावीत आहे. कॉलेजला जाणे त्याने बंद केले, म्हणून त्याला समुपदेशकांकडे नेले. आता दर आठवड्याला तो एकटाच आत जातो. काय बोलणे झाले असे विचारले तर ते म्हणतात, "ते त्याच्याकडूनच ऐका." फी आम्ही भरतो, काळजी आम्हाला आहे. आई-वडिलांपासून लपवण्यासारखे असे काय आहे? (सांगली)

उत्तर : आपली तळमळ समजते, आणि त्या समुपदेशकांनी एक गोष्ट करायची राहून गेली असावी असेही वाटते. काय सांगितले जाईल आणि काय नाही, याची बोलणी पहिल्याच भेटीत, मुलगा आणि आई-वडील तिघे समोर असताना व्हायला हवीत. मी पहिली पंधरा मिनिटे सगळ्यांना एकत्र बसवते, मग मुलाला एकटे भेटते, आणि शेवटी पुन्हा सगळ्यांना आत बोलावून त्याच्या देखत सांगते : तो येतो की नाही, काम पुढे सरकते आहे की नाही, घरी तुम्ही काय करावे, हे मी तुम्हाला सांगत राहीन, तो माझ्याशी काय बोलतो ते मात्र त्याच्या संमतीखेरीज सांगणार नाही.

याला तीन अपवाद आहेत, आणि ते मी मुलालाही त्याच बैठकीत स्पष्ट सांगते. त्याच्या स्वतःच्या जिवाला धोका वाटला तर, दुसऱ्या कोणाच्या जिवाला धोका वाटला तर, आणि १८ वर्षांखालील कोणावर लैंगिक अत्याचार झाल्याचे कळले तर मी गप्प बसणार नाही. यातला तिसरा अपवाद माझ्या मर्जीवर सोडलेला नाही. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. म्हणजे ज्या गोष्टींच्या भीतीने आपली झोप उडते, त्या आपल्यापासून दडून राहणार नाहीत.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ यातील कलम २३ ने गोपनीयतेचा हक्क दिला आहे. मुलगा अल्पवयीन असल्यामुळे उपचारांचे निर्णय पालक म्हणून आपलेच आहेत, हेही खरे. मात्र मी कायद्यापेक्षा रोजच्या अनुभवावर अधिक भर देईन. खोलीत बोललेले वाक्य रात्री जेवणाच्या ताटावर ऐकू आले, की मुलगा पुढच्या आठवड्यात येतो, खुर्चीत बसतो आणि पन्नास मिनिटे नखे कुरतडतो. एका वडिलांनी तर स्कूटर सुरू करता करताच, "काय म्हणाल्या मॅडम?" असे विचारायची सवय लावून घेतली होती. त्यांना मी एवढेच सुचवले की, त्याऐवजी "भेळ खायची का?" असे विचारा. दीड महिन्याने एकदा भेळेच्या गाडीपाशी मुलगा आपणहून बोलू लागला. काय बोलला ते त्यांनी मला सांगितले नाही, आणि मीही विचारले नाही.

आपण समुपदेशकांकडे स्वतःसाठी एक वेगळी वेळ मागून घ्या. लहानपणीचे आजार, शाळा केव्हा बदलली, घरात कोणाला असा त्रास होता का, ही माहिती आपल्याकडूनच मिळू शकते, आणि मुलाला आधी सांगून ती दिली तर त्याचाही विश्वास मोडत नाही.

प्रश्न : पावसामुळे लोकल ठप्प झाल्या आणि मला माझी पहिलीच भेट गाठता आली नाही. तरी थेरपिस्टनी पूर्ण फी मागितली. हे योग्य आहे का? (डोंबिवली)

उत्तर : नियम जुना आहे. फ्रॉइडने १९१३ मध्ये लिहिलेल्या एका निबंधात रुग्णाला ठरावीक तास भाड्याने दिल्यासारखा असतो, त्याने तो वापरला नाही तरी पैसे द्यावेत, अशी भूमिका घेतली होती. आजही बहुतेक जण २४ तास आधी कळवले नाही तर पूर्ण किंवा अर्धी फी घेतात, आणि त्यात काही चूक नाही, कारण तो तास दुसऱ्या कोणाला देता येत नाही. पण हा नियम वेळ ठरवतानाच सांगायला हवा. आपल्याला तो आधी सांगितला नसेल तर पैसे मागण्याचा हक्क पोहोचत नाही, असे मी म्हणेन. सांगितला असेल तरीही, रुळांवर पाणी भरलेल्या दिवशी तो कुर्ल्याला अडकलेल्या नव्या माणसाला लावणे मला प्रशस्त वाटत नाही. अशा दिवशी फोनवर बोलणे शक्य होते का, एवढे तरी विचारायला हवे होते.

प्रश्न : आमच्या तालुक्यात समुपदेशक नाही. व्हिडिओ कॉलवर पहिल्यांदाच एखाद्याशी बोलणे उपयोगी पडते का? घर लहान आहे, सासू-सासरे सतत घरात असतात. (जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : उपयोगी पडते, पण आधी जागेची सोय लावा. माझ्या सल्लार्थींपैकी कोणी गच्चीवर टाकीच्या आडोशाला बसून, कोणी उभ्या गाडीत काचा लावून, तर एक बाई गुरांच्या गोठ्याच्या मागे उभ्या राहून बोलतात. कानात इअरफोन असले की निदान माझे बोलणे दुसऱ्याला ऐकू जात नाही. मध्येच कोणी आले तर विषय बदलण्यासाठी आम्ही पहिल्याच भेटीत एक खुणेचा शब्द ठरवतो. त्या बाईंचा शब्द "रेसिपी" असा होता, आणि तो उच्चारला की मी कोकमाचे सार कसे करायचे ते विचारू लागते. ऑनलाइन भेटीत मी आणखी दोन गोष्टी सुरुवातीलाच लिहून घेते : व्यक्ती त्या क्षणी नेमकी कुठे बसली आहे, आणि तिच्या जवळच्या एका विश्वासाच्या माणसाचा नंबर. लांबून काम करताना, जिवावर बेतण्याची वेळ आली तर कोणाला पाठवायचे हे माहीत असावे लागते.

तोवर वाट पाहायला नको असेल तर केंद्र सरकारची टेलिमानस ही १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेली सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. शिवाय राज्यातल्या चार प्रादेशिक मनोरुग्णालयांपैकी एक आपल्याच जिल्ह्याच्या ठिकाणी, रत्नागिरीत आहे. उरलेली तीन ठाणे, पुणे आणि नागपूर येथे आहेत. "तिथे गेले तर लोक काय म्हणतील" ही अडचण मी हसण्यावारी नेणार नाही, पण तिथे जाऊन डॉक्टरांना दाखवून दुपारच्या एसटीने घरी परतणारी माणसेही असतात.

प्रश्न : मी मानसशास्त्रात एम. ए. करून नुकतीच एका केंद्रात प्रशिक्षणार्थी म्हणून रुजू झाले आहे. पहिल्याच भेटीत कोणी रडू लागले की मला काय करावे ते सुचत नाही. आणि वेळ संपली हे कसे सांगायचे? (पुणे)

उत्तर : काही करू नकोस. (विद्यार्थिनी आहेस म्हणून "तू" म्हणते, तुझ्यापुढे येणाऱ्या विशीतल्या मुलालाही तू "तुम्ही"च म्हण, त्याने सांगेपर्यंत.) टिश्यूचा डबा त्यांच्या हाताला लागेल असा आधीच ठेवलेला असावा, पण तो उचलून पुढे करू नये. आपण पुढे केला की "आता पुसा, पुरे झाले" असा त्याचा अर्थ होतो, आणि माणसे घरी ज्या सवयीने रडू आवरतात त्याच सवयीने इथेही आवरतात. शांत बसायचे, नजर काढून घ्यायची नाही, वहीत काही खरडायचे नाही. रडू थांबल्यावर "का रडलात?" असे विचारण्यापेक्षा "यातलं कुठलं वाक्य बोलताना भरून आलं?" असे विचारल्यास उत्तर मिळते.

वेळेसाठी घड्याळ त्यांच्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवर लाव, म्हणजे मनगट वळवून पाहावे लागणार नाही. चाळीस मिनिटे झाली की "अजून दहा मिनिटं आहेत, त्यात आज काय बोलायलाच हवं?" असे मोकळेपणाने म्हणायचे. तरीही काही जण उठतात, दाराशी जातात, चप्पल पायात सरकवतात आणि पाठमोरे असतानाच म्हणतात, "एक सांगायचं राहिलंच..." सगळ्या भेटीतले सर्वांत जड वाक्य बहुधा तेच असते. पुढची व्यक्ती बाहेर बाकावर बसलेली असते, म्हणून मी ते वाक्य त्यांच्याच शब्दांत वहीच्या कोऱ्या पानावर सर्वांत वर लिहिते आणि ते त्यांना दाखवून सांगते, "पुढच्या वेळी इथूनच सुरू करू." वाक्य जिवाशी संबंधित असेल तर मात्र बाहेरच्या व्यक्तीची क्षमा मागायची, दार पुन्हा लावून घ्यायचे आणि त्यांना चप्पल काढून बसायला सांगायचे.